हाकललेल्या माणसाची बातमी

"एवढी बात छापलीत तर शेकडो घरं वाचतील," भय्यासाहेब म्हणाले.

श्रीनाथने मान वर केली नाही. उज्जैनला राहून इंदूरच्या एका दैनिकात तो बाजार आणि बँकांवर लिहायचा. उज्जैनचे ठेवीदार त्याच्या शब्दावर विसंबून असत.

"बाहेर व्हा," तो म्हणाला.

लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर भय्यासाहेबांनी त्याच्या बहिणीला, अहल्येला, नकार कळवला होता. तेव्हापासून श्रीनाथ त्यांच्याशी बोलत नव्हता.

"माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. पण किसनलाल शेठची बँक बुडते आहे. ठेवी त्यांनी स्वतःच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात घातल्या, आणि जिनिंग बसली. मी तिथे अकाउंटंट होतो."

"होतात! शेठने भर फ्रीगंजच्या बाजारात कॉलर धरून हाकललं तुम्हाला. आता बदला घ्यायला माझी लेखणी हवी?"

"नवं राज्य होतंय, राजधानी भोपाळला चालली. बदल्या होताहेत. नोकरदार ठेवी काढायला रांगा लावताहेत. जे उशीर करतील त्यांना काही मिळणार नाही."

"आणि त्या घबराटीत तुम्हाला तेल ओतायचंय."

"श्रीनाथ, हात जोडतो."

"माझ्या बहिणीनेही जोडले होते. निघा!"

भय्यासाहेब खाली मान घालून जिना उतरले.

तरीही श्रीनाथ बँकेत जाऊन आला. शेठने स्वतः तिजोरी उघडून दाखवली. आत नोटांच्या थप्प्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याने लिहिलं : बँक मजबूत आहे, एका बडतर्फ नोकराच्या अफवांवर विश्वास ठेवू नका.

त्या सकाळीच अहल्या पासबुक घेऊन निघाली होती. शाळेत शिकवून साठवलेलं सगळं त्याच बँकेत होतं.

"दादा, काढून आणू का?"

"त्या माणसाचं ऐकून? मुळीच नाही."

ती पासबुक ठेवून शाळेत गेली. दुपारपर्यंत बँकेसमोरची रांग पांगली. काहींनी काढलेले पैसे परत भरले. श्रीनाथला कितीतरी वर्षांनी जेवण गोड लागलं.

संध्याकाळी बँकेच्या मागच्या दाराशी मोटार उभी होती. तिजोरीतल्या नोटा ट्रंकांत भरून शेठ किसनलाल आत बसले.

"मान गए आपको," ते म्हणाले. "छाप ही दिया उसने."

"मी सांगितलं, म्हणूनच त्याला ते खोटं वाटलं," भय्यासाहेब शेठजींच्या शेजारी बसत म्हणाले, आणि त्यांनी मोटारीचं दार ओढून घेतलं.