डावं चाक

बायको जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून रोज दुपारी चारला शेजारचं फाटक करकरायचं. जरा तेल घाला, असं त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

आमची बाबागाडी एकतीस वर्षं माळ्यावर चादरीखाली होती. बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. गाडी काढून टाकू म्हटलं, की बायको दोन दिवस बोलायची नाही. आता ती गाडी विकायला मी जुन्या वस्तूंच्या दुकानात नेली.

दुकानदाराने गाडी आडवी केली. "काका, हिचा जन्मदाखला चाकावर असतो," तो हसला. "चाकाच्या टोपीवर हंसाचा छाप आहे बघा. हे मॉडेल दोनच वर्षं निघालं. तीस वर्षं तरी झाली असतील."

"एकतीस. अगदी कोरी आहे."

"कोरी? काय चेष्टा करता गरिबाची! रबर झिजून पार आतल्या तारेला टेकलंय. डावं तर जास्तच. ढकलणारं माणूस डाव्या पायाने लंगडत असणार."

बायको डाव्या पायाने लंगडायची.

"वंगणही ओलं आहे. याच आठवड्यातलं. पण तार घासून डावं तरी वाजतंच, ऐका."

त्याने डावं चाक फिरवलं. रोज ऐकलेली तीच करकर.

"मग ठेवून जाताय ना?"

मी एक पाऊल मागे सरलो. त्याला तो होकार वाटला. गाडी उभी करून त्याने ब्रेक लावला आणि पावती आणायला आत गेला.

मी दांडा धरला. मधोमध तो गार होता. दोन्ही टोकांना, जिथे हात ठेवतात, तिथे गरम होता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. डावं चाक करकरलं.