पिंजऱ्याचा नियम

मी घरजावई. सोफ्यावरची माझी जागा मीपे या आमच्या आठ किलोच्या सशाच्या मादीने केव्हाच बळकावलेली. तिला पिल्लं व्हावीत म्हणून मी शेजाऱ्याचा नर आणून तिच्याजवळ सोडला. मिनिटभरात तिने त्याचा कान फाडला.

“उचल त्याला, आणि दोघंही चालते व्हा माझ्या घरातून!” बायको कडाडली.

परसात सासरे पाइप ओढत बसले होते.

“जावईबापू, मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं असतं. नराला तिच्या घरी आणलं, की ती त्याला फाडून काढते. आपल्या फ्लांडर्समध्ये घरोघरी ससे, इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.”

“मग बाबा, लग्नाआधी का नाही सांगितलंत?”

सासऱ्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

“मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं? हे घर तुझ्या सासूच्या बापाचं आहे.”