दुसरा पंप

आजोबांच्या पोटात, कातडीखाली, वेदनाशामक औषधाचा पंप बसवलेला होता. त्याचा वेग तपासायला नर्सने रीडर पोटावर टेकवला. पडद्यावर दोन पंप उमटले.

"आजोबा, दुसरा कधी बसवला?"

"अगं पोरी, एकानेच मेटाकुटीला आलोय!" आजोबा हसले.

तिला हसू आलं नाही. वीतभर अंतरापलीकडचा पंप रीडरला कळतच नाही. तिने आजोबांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि रीडर छातीशी धरून पडद्याकडे पाहिलं.

एक पंप दिसेनासा झाला होता. दुसरा तसाच होता. पुढचा डोस एका मिनिटावर आला होता.

तिने घाईघाईने 'बंद' दाबलं. काहीच झालं नाही.

तिचं आजवर एकही ऑपरेशन झालं नव्हतं. तरी तिने स्वतःचं पोट चाचपलं. बरगडीखाली काहीतरी हळूच घरघरायला लागलं.