पस्तीस बकऱ्यांची सोयरीक

सोयरिकीच्या बैठकीला वरपक्ष उशिरा पोहोचला, तर एका बकरीचा दंड भरावा लागे. आणि न्योकाबी आजींनी उभ्या आयुष्यात कुणालाही दंड भरला नव्हता. आज मात्र प्रवाशांनी खच्चून भरलेली त्यांची मटाटू, म्हणजे भाड्याची छोटी बस, दोन तास जागची हलली नव्हती. ज्या अरुंद रस्त्यावर पूर्वी दिवसातून दोनच मटाटू धावत, त्यावर आता नव्या वसाहतीतल्या आठशे घरांच्या मोटारी उतरल्या होत्या.

"गिताऊ, तुझं लग्न मोडलं ना, तर त्या इमारती बांधणाऱ्याला मी शोधून काढीन," आजींनी नातवाला बजावले.

इतक्यात रस्त्याच्या कडेने घुसलेली दुसरी मटाटू शेजारी येऊन अडकली. तिच्या खिडकीतली म्हातारी आजींना पाहताच झटकन सीटमागे लपली.

"अहो विहीणबाई, वर या! दिसलात!" न्योकाबी आजी ओरडल्या.

नवरीमुलीची आजी ओशाळून वर आली. "शिंप्याकडून नवा झगा आणायला गेले होते हो. घरी सगळे माझ्यासाठीच खोळंबलेत."

"पाहुण्यांना उशीर झाला तर एक बकरी. यजमानीणच घरी नसली तर किती?"

"जाऊ द्या, दंड माफ! पण आमच्या मुलीसाठी तुम्ही द्यायच्या बकऱ्या चाळीस."

"तीस!"

दोन्ही मटाटूंतले प्रवासी आपसूक पंच झाले आणि पस्तिसांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या. ड्रायव्हरने आनंदाने गिअर टाकला.

"थांब रे!" न्योकाबी आजी कडाडल्या. "अजून लग्नाची तारीख ठरायची आहे!"