डाव्या दंडाचं हाड

हाडं पुसून पेटीत रचायचं काम फादर लॅम्बर्टनी स्वतःकडे घेतलं होतं. डाव्या दंडाचं हाड हातात आलं आणि ते थांबले.

"ऑसबर्ट, इकडे ये."

आचारी ऑसबर्ट हात पुसत आला. इंग्लंडच्या राजाने फ्रान्सच्या या शहराला वेढा घातल्याला सहा आठवडे झाले होते आणि तटावरच्या शत्रूपेक्षा हगवणच जास्त माणसं नेत होती. परवा सकाळी सरदार सर रेनल्ड गेले. त्याच सकाळी ऑसबर्टचा धाकटा भाऊ, तिरंदाज इव्होही गेला. सरदाराचं प्रेत उकळून मांस सुटं करायचं आणि हाडं इंग्लंडला त्याच्या गावच्या चर्चमध्ये पुरायची, ही रीतच होती. तिरंदाजांना मात्र इथलाच खड्डा. मोठी कढई ऑसबर्टकडे, म्हणून काम त्याच्या गळ्यात पडलं. त्या वासाने दिवसभर कुणी तिकडे फिरकलं नाही.

"हे उजव्या हाताचं, हे डाव्याचं," फादर म्हणाले. "डावं केवढं जाड आहे बघ. पोरवयापासून धनुष्य पेललं की असं होतं. साहेबांनी तर जन्मात धनुष्याला हात लावला नव्हता."

कुणी ऐकत नाही ना, हे ऑसबर्टने मागे वळून पाहिलं. चर्चमधला पेला चोरणाऱ्याला राजाने गेल्याच आठवड्यात झाडाला लटकवलं होतं.

"साहेब कुठे आहेत?"

"खड्ड्यात. तिरंदाजांबरोबर." ऑसबर्ट म्हणाला. "आईला शब्द दिला होता, फादर. धाकट्याला परत आणीन म्हणून."

"अरे मूर्खा, बाईसाहेब या पेटीवर डोकं ठेवून रडतील."

"रडू देत की. तेवढंच त्याच्यासाठी कुणी रडलं."

फादरना तो खड्डा आठवला. परवा खड्ड्यावर प्रार्थना त्यांनीच म्हटली होती, घाईघाईत, नाक दाबून. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते हाड त्यांनी पेटीच्या तळाशी सरकवलं.

"झाकण लाव."

ऑसबर्टने खिळे ठोकले. पेटीबरोबर फादर साहेबांच्या गावी निघाले होते; ऑसबर्टचं घरही त्याच गावात होतं. त्याला मात्र राजामागून पुढच्या शहराकडे जायचं होतं. हमाल पेटी उचलायला आले, तेव्हा त्याने हळूच फादरची बाही धरली.

"चर्चमध्ये आई नेहमी पार मागे, दाराशी उभी असते," तो म्हणाला. "पेटी पुराल त्या दिवशी तेवढं तिला पुढे बोलवा."