पोटरीवरचा आकडा

"हलू नकोस गं, आकडा वाकडा येईल," कोरल म्हणाली आणि तिने मुलीची पोटरी घट्ट धरून ठेवली.

ब्रॉनविन हलत नव्हती, कुडकुडत होती. ऑस्ट्रेलियातल्या फॉर्स्टर गावच्या तळ्याकाठी सकाळी सहा वाजता चारशे माणसं पोहण्याच्या कपड्यांत उभी होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. कोरल ठेंगण्या स्टुलावर बसून मार्करने एकेकाच्या पोटरीवर त्याचं वय लिहीत होती. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की पुढचा आपल्या वयोगटातला आहे की नाही. असेल तर जीव तोडून गाठायचा. नसेल तर जाऊ द्यायचा.

"दोन आकडे लिहायला एवढा वेळ, आई?"

"तुला जन्माला घालायला याहून जास्त लागला होता. उभी राहा."

कोरल स्वतः सोळा वेळा ही शर्यत धावली होती. सतराव्या खेपेला, तीन वर्षांपूर्वी, एकाहत्तराव्या वर्षी, शेवटच्या पुलाच्या मध्यावर तिचा खुबा निकामी झाला. तेव्हापासून हे स्टूल. त्या दिवसाबद्दल ती बोलत नसे. बोललीच तर स्ट्रेचर उचलणारे गडी किती देखणे होते, एवढंच सांगायची.

ब्रॉनविनचं दुखणं त्यानंतरचं. एका मॅगपाय पक्ष्याने घरट्याची राखण करताना तिच्या हेल्मेटवर झडप घातली आणि ती सायकलसकट खड्ड्यात गेली. मांडीचं हाड मोडलं. पक्ष्याला काही झालं नाही. मग महिनाभर सगळं गाव काही ना काही शिजवून घेऊन यायचं आणि दारात मान वाकडी करून म्हणायचं, "बिचारी!" दोन वर्षांत हाड जुळलं, पण ते 'बिचारी' काही सुटेना. क्लबातली डेब तर पूर्वी दर शर्यतीत तिच्या मागे असायची. तीही परवा म्हणाली, "ये गं, पण हळूहळू. नुसती पुरी केलीस तरी टाळ्या वाजवू आम्ही."

त्याच संध्याकाळी ब्रॉनविनने आईला सांगून टाकलं, "डेबच्या आधी पोचले तर ठीक. नाहीतर सायकल विकायची. पुन्हा हा विषय नाही."

पोहणं बरं झालं. सायकलवर मात्र तिला मागून येणाऱ्यांनी हैराण केलं. "वा बाई, मानलं तुम्हाला!" एकजण ओरडून पुढे गेला. दुसऱ्याने जाता जाता चक्क छातीवर हात ठेवला. तिसरा कोवळा गडी मागे वळूनही न बघता म्हणाला, "काकू, सलाम! माझी आई घरातला जिना चढत नाही."

काकू! ब्रॉनविनच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मांडी मोडल्याची बातमी साऱ्या न्यू साउथ वेल्सभर गेली होती तर. ते काहीही असो, पण त्या रागाने पायांत जोर आला हे खरं. चढावर तिने त्याच गड्याला गाठलं आणि मुद्दाम खोकून पुढे गेली.

धावताना सातव्या किलोमीटरला मांडी आखडली. ती लंगडू लागली. मागून कुणी बाई कळवळून म्हणाली, "बसा हो जरा. इथवर आलात हेच केवढं आहे!"

बसणं शक्यच नव्हतं आता.

पुलाच्या अलीकडे डेबची निळी टोपी दिसली. डेब पाण्याच्या टेबलाशी वाकून ग्लास उचलत होती. ब्रॉनविन मान खाली घालून तिच्या पाठीमागून निसटली आणि पुलावर चढली. आता डेब मागे लागणार, या भीतीने तिने उरलंसुरलं सगळं पणाला लावलं. पावलं काही ऐकू आली नाहीत. पूल संपला, वळण संपलं, शर्यत संपल्याची कमान आली.

डेब दीड मिनिटाने आली. फारशी दमलेलीही नव्हती. ब्रॉनविनला बघून तिचा चेहरा पडला.

"ती म्हातारी तू होतीस?"

"म्हातारी कुणाला म्हणतेस गं?"

"पोटरी बघ की आपली!"

ब्रॉनविनने पाय वळवून बघितलं. पोटरीवर ठसठशीत चौऱ्याहत्तर लिहिलं होतं. तिच्या चव्वेचाळिसातला पहिला चार जागच्या जागी सात झाला होता.

"मी म्हटलं, चौऱ्याहत्तरची बाई आहे, जाऊ दे बिचारीला!" डेब पाय आपटत म्हणाली. "हे मी धरत नाही. पुढच्या वर्षी खरं वय लिहून ये, मग दाखवते."

"येते ना," ब्रॉनविन पटकन बोलून गेली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिला हसूच फुटलं.

ती लंगडत स्टुलापाशी गेली. कोरल मार्कर गोळा करून डब्यात भरत होती.

"आई, सकाळी चष्मा कुठे होता तुझा?"

"नाकावर."

"मग माझ्या पायावर तुझं वय का लिहिलंस?"

कोरलने वाकून मुलीच्या पोटरीवरची धूळ अंगठ्याने पुसली, आकडा नीट दिसेलसा केला आणि वर बघून विचारलं, "काय गं, ओलांडला ना मी पूल?"