बावीस ब

डॉक्टरांनी बायको गेल्याचं सांगितलं, त्याच दुपारी त्याने विमान कंपनीला फोन करून तिचं तिकीट रद्द करायला सांगितलं होतं. नंतर आणखी तीनदा सांगितलं. दरवेळी "झालं, सर" हेच उत्तर.

आज, महिन्याभराने, तो एकटाच लेकीकडे निघाला होता. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि पुढचं सुटलं.

"जरा थांबता येत नव्हतं?" तो गेटवरच्या मुलीवर उखडला.

"वीस मिनिटं थांबलो, काका. तुमच्या मिसेसनी फैलावरच घेतलं आम्हाला. म्हणाल्या, ते भलत्याच गेटवर भांडत बसले असतील."

सात नंबरच्या गेटवर भांडूनच तो इथे आला होता.

"माझी बायको वारली आहे," तो दातओठ खात म्हणाला. "थट्टा करता माझी?"

मुलीचा चेहरा उतरला. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. बावीस अ, प्रवासी आले नाहीत. बावीस ब, प्रवासी विमानात.

"खिडकी तुमच्यासाठी सोडते म्हणाल्या," ती पुटपुटली.

ते विमान दोन तासांनी उतरणार होतं. लेक न्यायला येणार होती. आपलं विमान चुकल्याचा फोन तिला करायचा अजून राहिला होता.